शिंकेवरील गोळी आणि मात्रेचा विवेक

घरोघर औषधांचा म्हणून एक डबा असतोच. पूर्वीं त्यांत सुंठ, वेखंड, ओवा, मुरडशेंग, हळकुंड अशीं घरगुती द्रव्यें असत. आतां त्यांच्या जोडीस निरनिराळ्या रंगांच्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या येऊन बसल्या आहेत. कोणती पट्टी कोणासाठीं आणली, केव्हां आणली, डॉक्टरांनीं ती किती दिवस घ्यावयास सांगितली होती, हें पुष्कळदां कोणासच आठवत नाहीं. या पट्ट्यांपैकीं घरांतील सर्वांच्या हातांतून फिरणारी जर कोणती असेल, तर ती शिंकेवरील गोळी होय. नातवाच्या शिंकांसाठीं आणलेली गोळी आजोबांच्या अंगावरील खाजेस चालते. सुनेच्या पुरळासाठीं आणलेली सासूबाईंच्या सर्दीस दिली जाते. आणि प्रवासांत मूल स्वस्थ निजावें म्हणून तीच गोळी अर्धी करून दुधांतून पाजली जाते. रक्तदाबाचें किंवा मधुमेहाचें औषध देतांना जीं माणसें दहादां विचार करतील, तींच माणसें ही गोळी बडीशेपेसारखी तळहातावर ठेवतात.

ही गोळी वाईट आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ती चांगली आहे, उपयोगी आहे, आणि नीट वापरल्यास बहुतेकांस निर्धोकही आहे. परंतु ती घराची नव्हे, माणसाची आहे. आणि ज्या माणसासाठीं ती दिली असेल, त्याच्याच मापाची आहे. आपल्या भाषेंत यासाठीं एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे 'मात्रा'. संस्कृतांत मात्रा म्हणजे माप. छंदःशास्त्रांत लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरु अक्षराच्या दोन. एक मात्रा कमीअधिक झाली कीं वृत्त मोडलेंच. वैद्यकांतही औषधाच्या प्रमाणास मात्राच म्हणतात. ज्याप्रमाणें वृत्त बदललें कीं मात्रांची गणना बदलते, त्याप्रमाणें देह बदलला कीं औषधाची मात्रा बदलते. एकाच घरांत चार पिढ्या नांदत असतील, तर तेथें चार वृत्तें आहेत असें समजावें. सर्वांस एकच गण लावून कसें चालेल?

प्रथम ही गोळी शरीरांत काय करते तें पाहूं. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं घडविला. 'निराळें' आणि 'कार्य' अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो समास आहे. शरीराच्या संरक्षणासाठीं जी यंत्रणा आहे, तिनें निरुपद्रवी पदार्थाशीं भलतेंच वर्तन करणें, म्हणजे ॲलर्जी. दारावरच्या पहारेकऱ्यानें चोर ओळखावा हें योग्य. पण दूध घालावयास आलेल्या गवळ्यावरच तो काठी उगारूं लागला, तर घराची शांतता जाते. धूळ, परागकण, बुरशीचे सूक्ष्म कण, मांजराच्या अंगावरील कोंडा, एखादा अन्नपदार्थ यांपैकीं कांहीं शरीरांत शिरलें, कीं कांहीं जणांच्या नाकाच्या, डोळ्यांच्या व त्वचेच्या विशिष्ट पेशींतून 'हिस्टामीन' नांवाचें द्रव्य बाहेर पडतें. त्यामुळें बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतें, आणि मज्जातंतु चेतविले जातात. शिंका, नाकाचें गळणें, डोळ्यांची खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी, हा सारा त्याचाच प्रताप. इंग्लंडांत हेन्री डेल व त्यांचे सहकारी यांनीं १९१० च्या सुमारास या द्रव्याच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला.

हिस्टामीनला काम करावयाचें तर पेशींवरील ठराविक जागीं जाऊन बसावें लागतें, जशी किल्ली आपल्याच कुलपांत बसते. आमची गोळी ही जागा अडवून बसते. म्हणूनच या वर्गास 'अँटिहिस्टामीन', म्हणजे हिस्टामीनविरोधी औषधें, असें म्हणतात. यावरून दोन गोष्टी सहज ध्यानांत येतील. एक अशी कीं, ही गोळी ॲलर्जी मुळापासून काढीत नाहीं. तिचा उपद्रव तेवढा आवरते. पहारेकऱ्याचा स्वभाव बदलत नाहीं, फक्त त्याची काठी काढून घेतली जाते. दुसरी अशी कीं, जागा आधीं अडविलेली बरी. म्हणून ज्यास ठराविक ऋतूंत त्रास होतो, त्यास डॉक्टर ती गोळी कांहीं दिवस नियमानें घ्यावयास सांगतात. शिंका आल्या कीं एक, पुन्हा आल्या कीं आणखी एक, असा तिचा क्रम नाहीं. गोळी घेतल्यावर गुण दिसण्यास साधारणपणें तासभर लागतो. तेवढ्यांत धीर सोडून दुसरी गोळी घेणें हा निव्वळ उतावीळपणा होय.

या औषधांचा इतिहासही मननीय आहे. १९३७ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत दानिएल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब यांनीं हिस्टामीनला अडविणारें पहिलें द्रव्य शोधलें. तें माणसास देण्याइतकें निर्धोक नव्हतें, परंतु वाट सांपडली. पुढील दहा वर्षांत माणसांस देण्याजोगीं औषधें तयार झालीं, आणि या व इतर कार्याबद्दल बोव्हे यांस १९५७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, प्रोमेथाझीन, हायड्रॉक्सिझीन हीं या पहिल्या पिढीचीं औषधें. त्यांचा मोठा दोष असा कीं, तीं मेंदूंत सहज शिरतात आणि झोंप आणतात. शिवाय तीं हिस्टामीनखेरीज शरीरांतील दुसऱ्या एका संदेशवाहक द्रव्यालाही अडवितात, त्यामुळें तोंड कोरडें पडतें, मलावरोध होतो, लघवी अडते. दुसऱ्या पिढींत सेटिरिझीन, लिव्होसेटिरिझीन, लोराटाडीन, फेक्सोफेनाडीन, बिलास्टीन इत्यादि औषधें आलीं. तीं मेंदूंत फारच कमी शिरतात. आजकाल डॉक्टर बहुधा यांतलेंच एखादें लिहून देतात तें याच कारणानें.

परंतु नवें म्हणजे सर्वथा निर्दोष, असेंही मानूं नये. दुसऱ्या पिढींतील टरफेनाडीन हें औषध एके काळीं जगभर खपत होतें. पुढें असें दिसून आलें कीं, त्याच्याबरोबर कांहीं प्रतिजैविक किंवा बुरशीनाशक औषधें घेतलीं, अथवा घेणाऱ्याचें यकृत बिघडलेलें असलें, तर टरफेनाडीन रक्तांत सांचून हृदयाची लय प्राणघातक रीतीनें बिघडवूं शकतें. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें. शरीरांत त्याचें रूपांतर होऊन जें द्रव्य बनतें, तेंच आजचें फेक्सोफेनाडीन. त्यांत हा दोष नाहीं. या कथेचें तात्पर्य इतकेंच कीं, एकट्यानें सज्जन असलेलें औषध दुसऱ्याच्या संगतीनें बिघडूं शकतें. म्हणून डॉक्टरांकडे जातांना आपण घेत असलेल्या सर्व औषधांची नांवें, काढे व चूर्णें धरून, बरोबर न्यावींत.

आपल्या देशाचा कायदाही या गोळीस खाऊ समजत नाहीं. १९४० सालच्या औषधविषयक कायद्याखालीं १९४५ सालीं जे नियम झाले, त्यांच्या 'जी' अनुसूचींत हिस्टामीनविरोधी द्रव्यांचा समावेश आहे. वैद्यकीय देखरेखीवांचून हें औषध घेणें धोक्याचें आहे, अशा अर्थाचा इशारा अशा औषधाच्या वेष्टनावर छापावा लागतो. सेटिरिझीन तर 'एच' अनुसूचींत, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत, मोडतें. दुकानदार ओळखीचा आहे म्हणून तो चिठ्ठीशिवाय गोळी देतो, ही त्याची सवलत असेल. पण ती आपल्या हिताची आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां आपण एकत्र कुटुंबांतील एकेका व्यक्तीकडे वळूं.

घरांतील कर्ते पुरुष आणि नोकरीस जाणाऱ्या स्त्रिया यांस मुख्य धोका झोंपेचा. दुचाकी किंवा मोटार चालविणाऱ्यानें, यंत्रावर काम करणाऱ्यानें, परीक्षेस बसणाऱ्यानें पहिल्या पिढीची गोळी घेणें म्हणजे संकटास आमंत्रण होय. यांत एक फसवणूक आहे, ती नीट समजून घ्यावी. २००० सालीं अमेरिकेंतील आयोवा येथें मोटार चालविण्याच्या कृत्रिम यंत्रावर चाळीस जणांची परीक्षा घेण्यांत आली. डायफेनहायड्रामीन घेतलेल्यांचें मोटार चालविणें मद्य घेतलेल्यांपेक्षांही वाईट ठरलें. फेक्सोफेनाडीन घेतलेल्यांचें मात्र औषध न घेतलेल्यांसारखेंच राहिलें. विशेष हें कीं, आपणांस किती झोंप येत आहे याविषयीं त्या माणसांची जी समजूत होती, तिच्यावरून त्यांचें चालविणें किती बिघडलें आहे याचा अंदाज लागत नव्हता. सारांश, 'मला कांहीं झोंप येत नाहीं' हें प्रमाणपत्र स्वतःचें स्वतःला देऊं नये. सेटिरिझीन व लिव्होसेटिरिझीन यांनींही कांहीं जणांस सुस्ती येते. म्हणून कोणतीही नवी गोळी प्रथम घ्यावयाची ती रात्रीं, घरीं असतांना घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशीं स्वतःची परीक्षा पाहून मगच वाहनास हात लावावा. झोंपेचें औषध, कांहीं खोकल्यावरील औषधें आणि मद्य यांच्या संगतीनें ही सुस्ती दुणावते.

वृद्धांची गोष्ट याहूनही नाजूक आहे. आमच्या परिचयाच्या एका घरीं शहात्तर वर्षांचे आजोबा होते. पावसाळ्यांत अंगास खाज सुटली म्हणून कोणीतरी त्यांस रात्रीं एक जुन्या धर्तीची गोळी देऊं लागलें. चार दिवसांनीं थोडी सर्दी झाली, म्हणून सर्दीची गोळीही सुरू झाली. तिच्यांतही तेंच क्लोरफेनिरामीन होतें, हें कोणीं वाचलें नाहीं. आजोबा दिवसा पेंगूं लागले. रात्रीं उठून, वीस वर्षांपूर्वीं वारलेला धाकटा भाऊ आला काय, असें विचारूं लागले. घरच्यांनीं एकमेकांकडे पाहिलें आणि 'वय झालें आतां' असें म्हणून निःश्वास टाकला. तिसऱ्या दिवशीं लघवी अडली, पोट फुगलें, आणि त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथील डॉक्टरीणबाईंनीं पहिली आज्ञा केली ती ही कीं, घरांतून सगळ्या गोळ्या घेऊन या. दोन्ही गोळ्या बंद झाल्या, आणि आठवडाभरांत आजोबा पूर्वींसारखे वर्तमानपत्रांतील अग्रलेखांवर टीका करूं लागले. जी गोष्ट घरच्यांनीं वार्धक्याच्या खात्यावर मांडली होती, ती गोळीच्या खात्यावरची निघाली.

ही गोष्ट विरळा नव्हे. वार्धक्यांतील औषधयोजनेविषयीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं जी यादी केली आहे, तिच्यांत पहिल्या पिढीचीं हीं औषधें वृद्धांनीं टाळावींत असें स्पष्ट म्हटलें आहे. कारण त्यांनीं बुद्धिभ्रम होतो, आणि तोल जाऊन माणूस पडतो. प्रोस्टेट ग्रंथि वाढलेल्यांस लघवी अडण्याचें भय, आणि कांचबिंदूच्या एका प्रकारांत डोळ्यांतील दाब एकाएकीं वाढण्याचें भय. नवीं औषधें या बाबतींत पुष्कळ बरीं. परंतु सेटिरिझीन व लिव्होसेटिरिझीन हीं मुख्यत्वें मूत्रावाटे बाहेर पडतात. वयोमानानें किंवा मधुमेहानें ज्यांचें मूत्रपिंड मंदावलें असेल, त्यांच्या शरीरांत तीं रेंगाळतात. अशांस डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवितात. मूत्रपिंड अगदीं निकामी झालें असेल, तर लिव्होसेटिरिझीन देतच नाहींत. तेव्हां मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद असेल तर तो डॉक्टरांस अवश्य दाखवावा.

मुलांच्या बाबतींत तर अधिकच सावध राहावें. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. मोठ्यांची गोळी मोडून दिली म्हणजे मुलाची मात्रा झाली, ही समजूत चुकीची आहे. मुलाची मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, आणि त्यासाठीं निराळें पातळ औषध मिळतें. तें स्वयंपाकघरांतील चमच्यानें न देतां बाटलीबरोबर आलेल्या मापानेंच द्यावें, कारण दोन घरांतील चमचे कधीं सारखे नसतात. दोन वर्षांखालील मुलांस प्रोमेथाझीन कधींच देऊं नये. त्यानें श्वास मंदावून मुलें दगावल्याचीं उदाहरणें आहेत. डिसेंबर २०२३ मध्यें भारताच्या औषधनियंत्रकांनीं क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन यांच्या ठराविक मिश्रणावर, चार वर्षांखालील मुलांस तें वापरूं नये, असा इशारा छापण्याचा आदेश दिला. सर्दीच्या पातळ औषधांत हें मिश्रण पुष्कळदां आढळतें, म्हणून मातांनीं बाटलीवरील बारीक अक्षरें वाचलींच पाहिजेत. आणि मूल निजावें म्हणून ही गोळी देण्याची चाल तर सर्वथैव निंद्य होय. कांहीं मुलें तिनें निजत नाहींत, उलट चेकाळतात; आणि मात्रा फार झाली तर झटके येऊन प्राणावर बेततें. आगगाडींत मूल रडलें तर सहप्रवाशांनीं थोडें सोसावें; त्यासाठीं बाळाच्या मेंदूस गुंगी आणणें हा न्याय नव्हे.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं घरांतील डब्याकडे जाऊंच नये. त्यांस चालतील अशीं औषधें आहेत, परंतु कोणतें, केव्हां आणि किती, हें त्यांच्या डॉक्टरांनींच सांगावयाचें असतें. आईनें घेतलेल्या झोंपाळू गोळीचा अंश दुधांतून बाळास पोंचतो आणि बाळ सुस्तावतें, येवढें एक कारण पुरे आहे.

आतां एका निराळ्याच फसव्या प्रकाराकडे वाचकांचें लक्ष वेधतों. बाजारांत जोडगोळ्या फार झाल्या आहेत. वेष्टनावर एकच मोठें नांव असतें, पण पोटांत दोन-तीन द्रव्यें असतात. एकींत सेटिरिझीन, पॅरासिटामॉल व फेनिलेफ्रीन. दुसरींत लिव्होसेटिरिझीन आणि मोन्टेलुकास्ट. ज्यानें तापासाठीं पॅरासिटामॉल निराळें घेतलें, त्यास तें नकळत दुप्पट जातें, आणि यकृतास इजा पोंचूं शकते. फेनिलेफ्रीननें रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. मोन्टेलुकास्टविषयीं तर अमेरिकेच्या औषधखात्यानें मार्च २०२० मध्यें अत्यंत ठळक इशारा दिला कीं, त्यानें कांहींच्या मनावर परिणाम होतो: दुःस्वप्नें, चिडचिड, उदासीनता, क्वचित् आत्मघाताचे विचार. साध्या शिंकांसाठीं दुसरा उपाय चालत असेल, तर तें देऊं नये, असेंही त्या खात्यानें म्हटलें आहे. एखादा मुलगा अशी गोळी सुरू झाल्यापासून रात्रीं दचकून उठूं लागला किंवा अकारण रुसूं लागला, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. म्हणून नियम असा कीं, मोठें नांव वाचून थांबूं नये. त्याखालचीं लहान अक्षरांतील द्रव्यें वाचावींत, आणि एकच द्रव्य दोन गोळ्यांत येत नाहीं ना, तें पाहावें.

गोळी घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. फेक्सोफेनाडीन घ्यावयाचें तें साध्या पाण्याबरोबर. संत्र्याचा, सफरचंदाचा किंवा पपनसासारख्या फळाचा रस बरोबर घेतला, तर तें नीट शोषलें जात नाहीं आणि गुण येत नाहीं; आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेलें औषधही त्याच वेळीं घेऊं नये. सेटिरिझीनची मोठ्या माणसाची नेहमींची मात्रा दिवसांतून एकदां दहा मिलिग्रॅम, आणि लिव्होसेटिरिझीनची पांच मिलिग्रॅम, तीही बहुधा संध्याकाळीं. एके दिवशीं गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशीं दोन घेऊन हिशेब पुरा करावयाचा नसतो. ॲलर्जीची त्वचापरीक्षा करावयाची असेल, तर कांहीं दिवस आधीं ही गोळी बंद ठेवावी लागते, नाहींतर परीक्षेचें उत्तर खोटें येतें. ती किती दिवस बंद ठेवावी, हें परीक्षा करणाऱ्यासच विचारावें.

ज्यांनीं महिनोन्‌महिने सेटिरिझीन किंवा लिव्होसेटिरिझीन रोज घेतलें आहे, त्यांच्यासाठीं आणखी एक सूचना. मे २०२५ मध्यें अमेरिकेच्या औषधखात्यानें असें जाहीर केलें कीं, दीर्घकाळ रोज घेतल्यानंतर ही गोळी थांबविली असतां कांहीं थोड्या लोकांस अंगभर असह्य खाज सुटते. असें क्वचित् होतें, आणि त्यावर उपायही आहे; परंतु ती खाज म्हणजे मूळ रोगच उलटला असें समजून माणूस आयुष्यभर गोळीच्या दाराशीं बांधला जाऊं नये, म्हणून हें माहीत असावें. फार दिवस घेतलेली गोळी सोडावयाची असेल, तर तो विचार डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावा.

या गोळीचें क्षेत्रही ओळखलें पाहिजे. साध्या सांसर्गिक पडशावर तिचा उपयोग फारसा होत नाहीं. नाक चोंदण्यावर तिचा गुण थोडाच; नाक महिनोन्‌महिने चोंदलेलें राहत असेल, तर डॉक्टर नाकांत फवारण्याचें औषध देतात, आणि तें अधिक उपयोगी पडतें. दम्यास ही गोळी पुरी पडत नाहीं. पुण्यांत १९५५ च्या सुमारास जें प्रथम दिसलें आणि पुढें देशभर पसरलें, त्या गाजरगवताच्या स्पर्शानें त्वचेस जो दाह होतो, त्यावरही केवळ ही गोळी घेऊन भागत नाहीं. गवताचा संपर्क टाळणें आणि त्वचेवर योग्य मलम लावणें, हाच त्याचा मुख्य उपाय. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, गांधीलमाशी चावल्यावर, एखादें इंजेक्शन घेतल्यावर किंवा न सोसणारा पदार्थ खाल्ल्यावर जर अंगभर गांधी उठून त्याबरोबर श्वास लागूं लागला, घसा आवळल्यासारखा झाला, जीभ सुजली, चक्कर आली किंवा वांत्या होऊं लागल्या, तर गोळी देऊन वाट पाहत बसणें म्हणजे काळाच्या हातीं माणूस देणें होय. त्या वेळीं प्राण वाचविणारें औषध एकच, मांडींत दिलें जाणारें ॲड्रिनॅलीनचें इंजेक्शन. गोळीस तासभर लागतो, आणि येथें मिनिटांचा प्रश्न असतो. रोग्यास निजवून पाय उंच करावे. श्वास लागत असेल तर बसतें ठेवावें. उठवून चालवूं नये. आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ताबडतोब रुग्णालय गांठावें.

गोळीखेरीज करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें आपल्या गृहिणींस नवीन नाहीं. गाद्यागिरद्यांस ऊन दाखविणें, पांघरुणें कढत पाण्यांत धुणें, अडगळीच्या खोलींतील जुन्या वह्यापुस्तकांची धूळ ओल्या फडक्यानें पुसणें, पावसाळ्यांत भिंतींस धरलेली बुरशी काढणें, या गोष्टींनीं शिंकांचें मूळच कांहीं अंशीं तुटतें. झाडलोट करतांना ज्यास त्रास होतो, त्यानें नाकास फडकें बांधावें किंवा तें काम दुसऱ्यावर सोंपवावें; एकत्र कुटुंबाचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

शेवटीं, कर्त्या गृहस्थांस व गृहिणींस आमची विनंती अशी आहे. येत्या रविवारीं औषधांचा डबा सर्वांसमक्ष उघडावा. मुदत संपलेल्या आणि मालक नसलेल्या पट्ट्या काढून टाकाव्या. उरलेल्या प्रत्येक पट्टीवर ज्याची त्याचें नांव चिकटवावें. एक साधी वही करून तींत घरांतील प्रत्येकाच्या नांवें एक पान राखावें. त्या पानावर वय, वजन, जुने विकार, न सोसणारीं औषधें, आणि चालू औषधांतील द्रव्यें लिहावींत. डॉक्टरांकडे जातांना ती वही बरोबर न्यावी, आणि नवी गोळी मिळाली कीं चार प्रश्न विचारावे: हिच्यांत कोणतें द्रव्य आहे? हिनें झोंप येते काय? माझ्या इतर औषधांशीं हिचें जमतें काय? आणि ही किती दिवस घ्यावयाची? डबा मुलांचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर ठेवावा.

हें सर्व करण्यास अर्धा तास पुरेल. घरांतील माणसें एका पंक्तीस जेवतात, ही मोठी शोभेची गोष्ट आहे. पण पंक्तींतही वाढणारी बाई आजोबांस आणि नातवास सारखाच भात वाढीत नाहीं. ताटाकडे पाहून ती माप ठरविते. गोळी देतांना तेवढाच विवेक ठेवावा, याहून अधिक कांहीं आम्ही मागत नाहीं.